शब्दाचा पक्का घड्याळजी : किन्तारो हत्तोरी

जुन्या घड्याळांचा संग्राहक एखादे घड्याळ हाती आले की प्रथम ते उलटे करतो. १९७० आणि १९८०च्या दशकांतील जपानी ‘सिको’ क्वार्ट्झ घड्याळाच्या पोलादी झाकणावर आकड्यांच्या दोन चौकड्या कोरलेल्या असतात. पहिली चौकडी आतल्या यंत्राची ओळख सांगते, दुसरी केसची. शेजारच्या अनुक्रमांकातील पहिला अंक हा निर्मितीवर्षाचा शेवटचा अंक असतो, तर दुसऱ्यावरून महिना कळतो. ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबर आणि डिसेंबरसाठी रोमन आद्याक्षरे. एवढे वाचून झाले की संग्राहक घड्याळ सुलटे करतो आणि पट्ट्याच्या कड्या मोजू लागतो.

कड्या मोजण्यास कारण आहे. त्या काळच्या क्रीडा घड्याळांत पट्टा केसमध्येच मिसळून गेलेला असे. इंग्रजीत त्यास इंटिग्रेटेड ब्रेसलेट म्हणतात. केसचा उतार पहिल्या कडीत, पहिलीचा दुसरीत असे ते पोलाद मनगटाभोवती सलग वाहत जाते. दिसण्यास हे देखणे, परंतु मूळ पट्टा तुटला वा त्याच्या कड्या हरवल्या तर बाजारातला दुसरा कोणताही पट्टा त्या केसला बसत नाही. म्हणून यंत्र उत्तम चालत असूनही कड्यांअभावी अडगळीत गेलेली घड्याळे पुष्कळ. जी शाबूत राहिली, त्यांचा शोध आज जगभरचे शौकीन घेत असतात.

या घड्याळांच्या तबकडीवर बारा आकड्याच्या खाली एक छोटे नाव असते. ते नाव प्रथम १९२४ साली, एका जळून खाक झालेल्या कारखान्याच्या पुनर्जन्मानंतर मनगटी घड्याळावर उमटले. ते उमटवणारा माणूस त्या वेळी साठी ओलांडलेला होता, आणि आयुष्यभर त्याने एकच भांडवल निगुतीने सांभाळले होते. ते म्हणजे दिलेला शब्द. त्यांचे नाव किन्तारो हत्तोरी.

पावसाळी दिवसाचा धडा

किन्तारोचा जन्म ऑक्टोबर १८६०चा. शहराचे नाव त्या वेळी एडो होते. पुढे आठ वर्षांनी ते टोकियो झाले. वडील क्योबाशी भागात जुन्या वस्तूंचा व्यापार करीत. किन्तारो त्यांचा एकुलता एक मुलगा. वयाच्या अकराव्या वर्षी तो जवळच्याच एका विलायती मालाच्या दुकानात उमेदवारीला लागला. त्या काळच्या जपानी रिवाजाप्रमाणे उमेदवार मुलाने मालकाच्याच घरी राहायचे आणि पडेल ते काम करीत धंदा शिकायचा.

त्या दुकानाच्या आसपासच एक घड्याळाचे दुकान होते. पावसाच्या दिवशी रस्ता ओस पडे. इतर दुकानदार हातावर हात ठेवून गिऱ्हाईकाची वाट पाहत बसत. घड्याळवाल्याकडे मात्र काम थांबत नसे. विक्री नसली तरी दुरुस्तीला आलेली घड्याळे समोर असत आणि कारागीर माना खाली घालून त्यांत गढलेले असत. विक्रीबरोबर दुरुस्तीचेही उत्पन्न, आणि वाया जाणारा वेळ नाही, हे गणित त्या मुलाने तेव्हाच मनाशी मांडले आणि घड्याळाच्या धंद्यात पडायचे ठरविले.

निवड काळाला धरून होती. जुन्या जपानी पद्धतीत सूर्योदय ते सूर्यास्त सहा भाग आणि सूर्यास्त ते सूर्योदय सहा भाग अशी वेळेची विभागणी असे. साहजिकच उन्हाळ्यातील दिवसाचा तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड. जपानी कारागिरांनी या पद्धतीची घड्याळेही मोठ्या कौशल्याने बनविली होती. १८७३च्या आरंभी मेईजी सरकारने पाश्चात्त्य दिनदर्शिका आणि चोवीस समान तासांची पद्धत स्वीकारली. त्याआधी काही महिनेच टोकियोतील शिंबाशी ते योकोहामा ही पहिली आगगाडी सुरू झाली होती. जुनी घड्याळे एका फटक्यात निरुपयोगी झाली. गाडीची वेळ गाठायची तर युरोप-अमेरिकेतून येणारे घड्याळ हवे, आणि ते बिघडले तर दुरुस्त करणारा हवा, अशी गरज साऱ्या देशात एकाएकी निर्माण झाली.

तेराव्या वर्षी किन्तारो निहोनबाशीतील एका घड्याळजीकडे आणि नंतर उएनोतील दुसऱ्या घड्याळजीकडे काम शिकला. १८७७ साली त्याने घरावरच दुरुस्तीची पाटी लावली. मोडकी, टाकून दिलेली घड्याळे स्वस्तात विकत घ्यायची, रात्री जागून ती चालती करायची आणि विकायची, असा क्रम त्याने ठेवला. या मार्गाने साठलेल्या पैशावर १८८१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने क्योबाशीत स्वतःचे ‘हत्तोरी घड्याळ दुकान’ उघडले. दोनच वर्षांत लागलेल्या आगीत ते जळाले. त्याने जागा बदलून पुन्हा दुकान थाटले. आगीशी त्याची ही पहिली गाठ, शेवटची नव्हे.

हुंडीच्या दिवशी पैसे

घाऊक माल योकोहामाच्या परकीय पेढ्यांकडून घ्यावा लागे. १८८०च्या दशकाच्या मध्यास हत्तोरी यांनी या पेढ्यांशी थेट व्यवहार सुरू केला. जपानी व्यापाऱ्यांत उधारी वर्षातून एकदा वा दोनदा, सणाच्या आणि वर्षअखेरीच्या सुमारास चुकती करण्याची जुनी रीत होती, आणि ठरल्या तारखेस चार दिवस इकडेतिकडे झाले तर त्याचे कोणास वावगे वाटत नसे. परकीय व्यापाऱ्यांस मात्र ते खटके. हत्तोरी यांनी ठरल्या मुदतीत पैसे पोचते करण्याचा नेम धरला आणि तो मोडला नाही.

वरवर पाहता ही साधी शिस्त. पण तिचे फळ मोठे मिळाले. नव्या धर्तीचे घड्याळ बंदरात उतरले की पेढीवाले प्रथम हत्तोरींना कळवू लागले. इतरांना मिळत नाही एवढा माल त्यांना उधारीवर मिळू लागला. भांडवल तुटपुंजे असलेल्या तरुण दुकानदाराला अवघ्या काही वर्षांत टोकियोतील आघाडीच्या घड्याळ व्यापाऱ्यांत जागा मिळाली ती या पतीच्या जोरावर. १८८७ साली दुकान गिंझाच्या हमरस्त्यावर आले. १८९०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी गिंझा चौकातील एका वृत्तपत्राची इमारत घेऊन तिची पुनर्बांधणी केली आणि वर घड्याळाचा मनोरा चढविला. घड्याळे विकणाऱ्याने रस्त्यावरच्या प्रत्येकाला वेळ फुकट दाखविण्याची ती सोय होती.

आयातदार म्हणून त्यांचे बस्तान बसले होते. येथेच थांबले असते तरी ते धनाढ्य होऊन सुखाने जगले असते. पण परदेशी घड्याळे विकत राहण्यात त्यांचे समाधान नव्हते. १८९२ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोच्या होंजो भागात एक लहानसा कारखाना घेतला आणि त्यास ‘सेइकोशा’ हे नाव दिले. ‘सेइको’ म्हणजे सूक्ष्म, नेमकी कारागिरी आणि ‘शा’ म्हणजे घर वा संस्था. आपल्याकडे ज्याचा उच्चार ‘सिको’ झाला तो शब्द हाच.

या धाडसात त्यांचा उजवा हात होते त्सुरुहिको योशिकावा हे यंत्रतज्ज्ञ. व्यापार हत्तोरींचा आणि यंत्रविद्या योशिकावांची, अशी ही जोडी. आरंभी कारखान्यात वाफेचे इंजिनही नव्हते; यंत्रे माणसांच्या बळावर फिरविली जात. पहिले उत्पादन भिंतीवरील घड्याळांचे. पुढच्याच वर्षी कारखाना मोठ्या जागेत गेला आणि वाफेची शक्ती आली. १८९५ साली ‘टाईमकीपर’ नावाचे पहिले खिशातील घड्याळ निघाले, १८९९ साली गजराचे. भिंतीवरची घड्याळे नफा देत होती. खिशातली मात्र बरीच वर्षे तोट्यात राहिली. त्यांचे बारीक भाग हाताने घडविण्यात वेळ आणि मजुरी इतकी जाई की स्विस घड्याळाशी किमतीत बरोबरी होत नसे.

तोटा सोसत हत्तोरी यांनी ते काम चालू ठेवले. १८९९ साली त्यांनी अमेरिका आणि युरोपचा दौरा केला, तेथील कारखाने पाहिले, यंत्रे खरेदी केली. १९०६मध्ये ते पुन्हा गेले. तिकडून आणलेली यंत्रे नुसती वापरण्याऐवजी योशिकावांनी त्यांत सुधारणा केल्या आणि घड्याळातील इवल्या दातेरी आसांचे काम आपोआप करणारे यंत्र तयार केले. १९०९ साली ‘एम्पायर’ हे खिशातील घड्याळ बाजारात आले आणि तोट्याचे दिवस सरले. १९१३ साली ‘लॉरेल’ निघाले. पांढऱ्या मीनाकामाच्या तबकडीचे हे घड्याळ जपानमध्ये तयार झालेले पहिले मनगटी घड्याळ होय. मनगटावर घड्याळ बांधण्याची पद्धत तेव्हा जगातही पुरती रुजलेली नव्हती.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हत्तोरी यांची दूरदृष्टी पुन्हा कामास आली. युद्ध लांबणार आणि पोलादाची टंचाई होणार हे ओळखून त्यांनी कच्चा माल आधीच साठविला. जर्मनीतून येणारी गजराची घड्याळे बंद झाल्याने अडलेल्या ब्रिटन आणि फ्रान्सने सेइकोशाकडे मागणी नोंदविली. दोन्ही मिळून ती सुमारे नऊ लाख घड्याळांची होती. टोकियोतील एका दुकानदाराचा कारखाना आता जगाच्या बाजारात उभा राहिला होता.

१ सप्टेंबर १९२३

दुपारचे बारा वाजण्यास दोन मिनिटे असताना टोकियो आणि योकोहामाला भूकंपाचा प्रचंड हादरा बसला. घराघरांत दुपारच्या जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरांच्या शहराला आगीने वेढले. एक लाखाहून अधिक माणसे मृत्यू पावली अथवा बेपत्ता झाली. सेइकोशाचा कारखाना जळाला. दुकान जळाले. तीस वर्षांची यंत्रसामग्री, तयार माल, आराखडे, सारे राख झाले. त्याच आगीत गिऱ्हाइकांनी दुरुस्तीसाठी विश्वासाने ठेवलेली सुमारे दीड हजार घड्याळेही नष्ट झाली.

हत्तोरी त्या वेळी त्रेसष्टीच्या उंबरठ्यावर होते. मुले मोठी झाली होती, नावलौकिक मिळाला होता. धंदा आवरता घेतला असता तर कोणी बोट दाखविले नसते. नैसर्गिक आपत्तीत जळालेल्या वस्तूची भरपाई मागण्यास त्या गिऱ्हाइकांपैकी फारसे कोणी आलेही नसते. कित्येकांची स्वतःची घरेच उरली नव्हती.

तरीही हत्तोरी यांनी वृत्तपत्रांत जाहिरात दिली. दुरुस्तीसाठी दिलेले घड्याळ जळाले असल्यास गिऱ्हाइकाने कळवावे. त्या तोडीचे नवे घड्याळ त्यास देण्यात येईल, असा तिचा आशय होता. विक्रीला घड्याळ नाही, बनविण्यास यंत्र नाही, अशा अवस्थेत दीड हजार नव्या घड्याळांचे देणे त्यांनी आपणहून अंगावर घेतले. व्यापारी हिशेबाने ही गोष्ट वेडेपणाचीच. तथापि योकोहामाच्या पेढ्यांना मुदतीत पैसे पोचविणाऱ्या तरुणाचेच हे वागणे होते. घड्याळ दुकानात ठेवले त्या दिवशी शब्द दिला गेला होता. आग लागली म्हणून तो जळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कारखाना पुन्हा उभा राहू लागला. १९२४मध्ये आधी भिंतीवरील घड्याळांचे उत्पादन सुरू झाले आणि त्याच वर्षी नवे मनगटी घड्याळ निघाले. त्याच्या तबकडीवर प्रथमच ‘सिको’ हे नाव होते. आजवर एकेका घड्याळास ‘टाईमकीपर’, ‘एम्पायर’, ‘लॉरेल’ अशी वेगवेगळी परदेशी वळणाची नावे देणाऱ्या घराने राखेतून उठल्यावर आपल्या कारखान्याचेच नाव घड्याळावर घातले.

मनोऱ्याखालचा शेवट

उरलेली वर्षे मानसन्मानाची गेली. १९२७ साली हत्तोरी जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले. १९२९ साली सेइकोशाच्या खिशातील घड्याळाची जपानी रेल्वेने अधिकृत घड्याळ म्हणून निवड केली. आगगाडीच्या वेळेमुळेच ज्या धंद्याला देशात जागा झाली होती, त्या धंद्यात आयुष्य घालविणाऱ्या माणसाला याहून मोठी पावती कोणती असणार? १९३० साली, सत्तरी पूर्ण झाल्यावर, त्यांनी तीस लाख येन देऊन ‘हत्तोरी होकोकाई’ हा न्यास स्थापन केला. विज्ञान आणि तंत्रज्ञानातील संशोधनाला साहाय्य करणे हे त्याचे काम. १९३२ साली गिंझा चौकात वास्तुविशारद जिन वातानाबे यांनी रचलेली नवी इमारत आणि नवा घड्याळाचा मनोरा उभा राहिला. भूकंपापूर्वीच पाडलेल्या जुन्या मनोऱ्याची जागा त्याने घेतली. १ मार्च १९३४ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी किन्तारो हत्तोरी निवर्तले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावातून ती इमारत वाचली आणि आजही चौकातल्या गर्दीला वेळ सांगते आहे.

क्वार्ट्झ हा प्रकार हत्तोरी यांनी मनगटावर पाहिला नाही. तो त्यांच्या वारसांचा पराक्रम. १९५९ साली सुवा येथील कारखान्यात क्वार्ट्झ घड्याळाचा प्रकल्प सुरू झाला. स्फटिकाला विद्युतप्रवाह दिला की तो ठरावीक गतीने कंप पावतो, आणि ते कंप मोजून काटा पुढे सरकविता येतो, हे तत्त्व जगाला ठाऊक होते. पण तशी घड्याळे कपाटाएवढी असत. दहा वर्षांनी, २५ डिसेंबर १९६९ रोजी, ‘सिको ॲस्ट्रॉन’ बाजारात आले. सोन्याच्या केसमधील या घड्याळात स्फटिकाचे सेकंदाला ८,१९२ कंप होत आणि महिन्याला पाच सेकंदांहून अधिक फरक पडत नसे. किंमत साडेचार लाख येन. त्या पैशांत तेव्हा जपानमध्ये छोटी मोटारगाडी येत असे.

पुढच्या पंधरा वर्षांत क्वार्ट्झ स्वस्त झाले आणि स्वित्झर्लंडचा घड्याळ उद्योग हादरला. १९७०च्या सुमारास तेथे नव्वद हजारांच्या आसपास माणसे या धंद्यात होती. १९८०च्या दशकाच्या मध्यास ती जेमतेम तिसेक हजार उरली. त्याच वर्षांत स्विस रचनाकार जेराल्ड जेंटा यांनी केस आणि पट्टा एकसंध असलेल्या पोलादी क्रीडा घड्याळाची नवी धाटणी रूढ केली होती. १९७२चे ‘रॉयल ओक’ आणि १९७६चे ‘नॉटिलस’ ही त्यांची अपत्ये. जपान्यांनी या धाटणीत क्वार्ट्झ यंत्र बसविले. १९७९ साली तर खुद्द जेंटा यांनीच सिकोच्या ‘क्रेडोर’ या मालिकेसाठी षटकोनी कडेचे ‘लोकोमोटिव्ह’ रेखाटले. आत क्वार्ट्झ, बाहेर एकसंध पट्टा. ज्यांची यंत्रे पाहण्यासाठी हत्तोरी आगबोटीने युरोपला गेले होते, त्याच युरोपातील अग्रगण्य रचनाकार आता त्यांच्या घराण्यासाठी घड्याळ काढीत होता. त्या घड्याळाला इतकी मागणी राहिली की २०२४ साली कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली. तिच्यात मात्र क्वार्ट्झऐवजी चावीचक्रांचे स्वयंचलित यंत्र आहे. मूळ क्वार्ट्झ ‘लोकोमोटिव्ह’ मिळणे संग्राहकांना भाग्याचे वाटते.

अशी घड्याळे शोधणाऱ्यास काही गोष्टींचे भान ठेवावे लागते. जुन्या सेलमधून गळलेला क्षार आतील पट्ट्या खाऊन टाकतो. म्हणून बंद पडलेले घड्याळ घेताना झाकण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विद्युतमंडल मेले तर चावीच्या घड्याळासारखा एखादा भाग घासून बसविता येत नाही. दुसऱ्या घड्याळातील मशीनच काढून घालावे लागते. आणि तबकडी मूळची आहे का, हे भिंगाखाली पाहावे लागते.

या शेवटच्या बाबतीत आपल्या शहराचे नाव जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी आहे, पण ते अभिमानाने मिरवावे असे नाही. जुन्या सिकोची तबकडी नव्याने रंगवून, नाव पुन्हा छापून, दहा घड्याळांचे भाग एकत्र करून विकलेल्या मालास ते ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आखातात नोकरीस गेलेल्या माणसाने घरी आणलेले सिको ही आपल्याकडच्या कैक कुटुंबांतील जपून ठेवलेली वस्तू. त्याच नावाची खोटी तबकडी आज काही शेकड्यांत रंगवून मिळते. रंगविणाऱ्याच्या हातात कसब असते. अक्षरे बहुधा नीट उमटतात. परंतु ती अक्षरे १९२४ साली प्रथम उमटली तेव्हा त्यांच्यामागे दीड हजार अनोळखी माणसांची, कोणी न मागता फेडलेली, घड्याळांची परतफेड होती. भिंग लावून तबकडी तपासणारा संग्राहक शाईची कड आणि अक्षरांची जाडी पाहत असतो. खरे पाहता तो विचारीत असतो की हे नाव लिहिणाऱ्याने ते निभावले होते का.